सर्किटची नक्कल अवघड कशी करायची: आपल्या टेबलापासून कारखान्यापर्यंत

चार लेअरचं (तांब्याच्या चार थरांचं) एखादं पीसीबी, म्हणजे भाग बसवायचं छापील सर्किट बोर्ड, कॉपी करायला काय लागतं, ते आधी पाहू. बोर्डावरचे सगळे भाग गरम हवेने सोडवायचे. दोन्ही बाजू साध्या सपाट स्कॅनरवर स्कॅन करायच्या. मग पॉलिश पेपरने वरचं तांबं घासून काढायचं, आतली लेअर उघडी पडली की पुन्हा स्कॅन करायचं आणि पुन्हा घासायचं. चारही चित्रं कॉम्प्युटरवर एकावर एक बसवली आणि व्हायांच्या (थरांना जोडणाऱ्या) भोकांवरून ट्रेस (तांब्याच्या रेषा) जोडत गेलं की नेटलिस्ट, म्हणजे काय कशाला जोडलं आहे त्याची यादी, तयार होते. ज्याला बोर्ड खराब करायचं नसेल तो एक्स-रे सीटी स्कॅन करून घेतो आणि आतल्या लेअर न घासता पाहतो. या कामाला चिकाटी लागते, फार मोठं कौशल्य लागत नाही. महिनोन्महिने खपून केलेला लेआउट काही दिवसांत दुसऱ्याच्या फाइलमध्ये उतरू शकतो.

तांब्याचा नकाशा लपवता येत नाही, एवढं एकदा मान्य केलं की पुढचे निर्णय सोपे होतात. चिपच्या आत काय आहे ते बरंच लपवता येतं, कारखान्यातून किती नग बाहेर पडले ते मोजता येतं, आणि नक्कल करणाऱ्याचा वेळ नि खर्च वाढवता येतो. तो खर्च नव्याने डिझाइन करण्याच्या खर्चापेक्षा जास्त झाला की बहुतेक नक्कलखोर दुसरीकडे वळतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाने मांडल्या आहेत.

पायरी १: आपलंच यंत्र फोडून बघा

बहुतेक जण ही पायरी गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारी हीच आहे. विक्रीला जाणारा एक तयार नग घ्या. ज्याने तो बनवलेला नाही अशा सहकाऱ्याला दोन दिवस द्या आणि जे सापडेल ते वेळेसकट लिहायला सांगा. स्कीमॅटिक (सर्किटचा आराखडा) त्याला देऊ नका.

आधी झाकण उघडून फोटो काढावेत. मग प्रत्येक चिपवरचा नंबर वाचून सुट्या भागांची यादी करावी, म्हणजे अर्ध्या तासात त्या यादीचा (बीओएमचा) किती भाग भरला ते कळेल. त्यानंतर रिकामे पॅड आणि टेस्ट पॉइंट शोधावेत. सलग तीन-चार पॅड दिसले तर तो युआर्ट, म्हणजे सिरियल संवादाचा पोर्ट, असण्याची शक्यता मोठी. तिथे सिरियल अडॅप्टर लावून यंत्र चालू करावं आणि बूट होताना काय छापलं जातं ते वाचावं. कितीतरी यंत्रं तिथे बूटलोडरची आवृत्ती, मेमरीचा नकाशा, कधी थेट कमांड प्रॉम्प्टसुद्धा देऊन टाकतात. आठ पायांची एसपीआय फ्लॅश (प्रोग्रॅम साठवणारी मेमरी चिप) दिसली तर तिच्यावर क्लिप लावून मजकूर वाचायचा प्रयत्न करावा, त्याला सोल्डरिंगही लागत नाही. शेवटी जेटॅग किंवा एसडब्ल्यूडी या डिबगच्या पोर्टवर डिबगर (चिपच्या आत पाहण्याचं साधन) जोडून मायक्रोकंट्रोलर (यंत्र चालवणारी चिप) उत्तर देतो का ते पाहावं.

दोन दिवसांनी जो कागद हाती येईल तीच तुमच्या कामाची यादी. वीस मिनिटांत फुटलेली गोष्ट आधी बंद करायची. दोन दिवसांत न फुटलेल्या गोष्टीवर आणखी पैसे घालायची आज गरज नाही.

पायरी २: कोणापासून आणि काय वाचवायचं ते लिहून काढा

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीचे जवळजवळ सगळे भाग बाजारात कोणालाही मिळणारे होते. तांत्रिक माहितीपुस्तिकेत सर्किटचे आराखडे आणि बायोसचा (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा) सोर्स कोडसुद्धा छापलेला होता. नक्कल करणाऱ्यांच्या वाटेत उभा होता तो फक्त बायोसवरचा कॉपीराइट. कॉम्पॅकने तोही ओलांडला. छापलेला कोड ज्यांनी पाहिला नव्हता अशा इंजिनीअरांकडून फक्त वर्तनाच्या वर्णनावरून नवा बायोस लिहून घेतला, आणि नोव्हेंबर १९८२मध्ये आपलं यंत्र जाहीर केलं. त्या पीसीचं सगळं संरक्षण एकाच ठिकाणी होतं, आणि ती जागा कायदेशीर मार्गाने पुन्हा बांधता येण्यासारखी होती.

तुमच्या यंत्रात ती जागा कोणती? मोटर कंट्रोलरमध्ये ती बहुधा फर्मवेअरमधल्या (चिपमध्ये भरलेल्या प्रोग्रॅममधल्या) अल्गोरिदममध्ये असते. संवेदनशील मापनयंत्रात ती अॅनालॉग लेआउटमध्ये आणि कॅलिब्रेशनच्या पद्धतीत असते. प्रिंटरच्या कार्ट्रिजसारख्या बदलत्या भागांमध्ये ती केवळ ओळखीत असते, कारण भाग बनवणं सोपं असतं आणि तो मूळ यंत्राने स्वीकारणं हेच मोलाचं असतं.

समोरचा माणूसही एकाच जातीचा नसतो. हुबेहूब कॉपी करून विकणाऱ्याला तुमचं सर्किट समजून घ्यायचंच नसतं, त्याला फर्मवेअरची बायनरी फाइल हवी असते. स्पर्धक कंपनीला फाइल नको असते, तिला कल्पना हवी असते, आणि ती कल्पना ती स्वतःच्या पद्धतीने पुन्हा लिहिणार असते. तिसरा असतो तुमचाच उत्पादक. तुम्ही हजार नगांची ऑर्डर देता, तो बाराशे बनवतो आणि वरचे दोनशे बाजारात सोडतो. पहिल्याविरुद्ध चिपचं कुलूप चालतं, तिसऱ्याविरुद्ध किल्ल्यांचा (चिपमधल्या गुप्त आकड्यांचा) हिशेब चालतो. दुसऱ्याविरुद्ध तांत्रिक उपाय फार थोडे आहेत, तिथे पेटंट आणि तुमचा वेग हेच उपयोगी पडतं.

पायरी ३: मायक्रोकंट्रोलरचं कुलूप लावा, आणि ते कितपत टिकतं ते जाणून लावा

हा लेखाचा सगळ्यात मोठा भाग आहे, कारण हुबेहूब नकलेची लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते.

एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरच्या कुटुंबाचं उदाहरण घेऊ. त्याच्या बऱ्याच मालिकांत फ्लॅश वाचण्यावर तीन पातळ्यांचं संरक्षण असतं. पातळी ० म्हणजे सगळं उघडं. पातळी १ला डिबगर जोडला की फ्लॅश वाचता येत नाही, आणि पुन्हा पातळी ०वर जायचं म्हटलं तर चिप आधी स्वतःची फ्लॅश पुसते. पातळी २ला डिबग पोर्ट कायमचा बंद होतो आणि नेहमीच्या मार्गाने परतीचा रस्ता राहत नाही.

पातळी १ लावून निर्धास्त झालेले बरेच जण पाहिले आहेत. त्या पातळीवर फ्लॅश बंद असली तरी बऱ्याच मालिकांत रॅम डिबगरला वाचता येते. म्हणजे चालू यंत्राच्या रॅममध्ये किल्ली किंवा कॅलिब्रेशनचे आकडे पडलेले असतील तर ते उघडेच असतात. त्यातून २०१७ साली संशोधकांनी एसटीएम३२एफ० मालिकेत पातळी १च्या डिबग जोडणीतली त्रुटी दाखवली. चिपचं कुलूप लागण्याआधी क्षणभर फ्लॅशचा एक शब्द वाचता येत होता. चिप रीसेट करत, एकेक शब्द करत, अख्खं फर्मवेअर बाहेर काढता आलं.

पातळी २ही अभेद्य नाही. डिसेंबर २०१८मध्ये एसटीएम३२एफ२ वापरणाऱ्या एका क्रिप्टोचलनाच्या हार्डवेअर वॉलेटवर हल्ला दाखवला गेला. बूट होताना नेमक्या क्षणी पुरवठ्याचा व्होल्टेज खाली पाडला की चिप पातळी २ऐवजी पातळी १मध्ये जागी होत होती. याच धर्तीच्या व्होल्टेज ग्लिचने (व्होल्टेजला दिलेल्या क्षणिक धक्क्याने) २०१९ साली ईएसपी३२ चिपच्या ई-फ्यूजमधल्या (एकदाच लिहिता येणाऱ्या जागेतल्या) किल्ल्या वाचल्या गेल्या, आणि २०२०मध्ये एनआरएफ५२ या चिपमालिकेचा डिबग प्रतिबंध ओलांडला गेला. दोन्ही उत्पादकांनी पुढे सुधारित आवृत्तीच्या चिप काढल्या. ग्लिच देण्याची उपकरणंही आता छंद म्हणून काम करणाऱ्याला परवडतात.

यातून करायच्या गोष्टी अशा.

चिप निवडतानाच तिच्या नावासोबत ग्लिच आणि रीडआउट हे शब्द घालून शोध घ्या, आणि उत्पादकाचं इराटा पत्रक (ज्ञात दोषांची यादी) शेवटपर्यंत वाचा. सुधारित आवृत्ती उपलब्ध असेल तर ऑर्डरमध्ये आवृत्तीचा अंक स्पष्ट लिहा, नाहीतर वितरकाच्या गोदामातला जुना साठा तुमच्या वाट्याला येऊ शकतो. रास्पबेरी पायने २०२४ साली आपल्या आरपी२३५० चिपमधलं गुपित काढून दाखवणाऱ्याला बक्षीस लावलं होतं. जानेवारी २०२५मध्ये निकाल लागला तेव्हा चार जणांचे हल्ले ग्राह्य धरले गेले, आणि ते सगळे त्यांनी सविस्तर छापले. आपल्या चिपच्या उणिवा अशा उघड सांगणाऱ्या उत्पादकावर मी जास्त विश्वास ठेवतो.

फर्मवेअर शक्यतो चिपच्या आतल्या फ्लॅशमध्ये ठेवा. बाहेरची एसपीआय फ्लॅश वापरायचीच असेल तर तिच्यातला मजकूर एन्क्रिप्ट करून ठेवता येणारी आणि चालवताना आत डिक्रिप्ट करणारी चिप घ्या. जुन्या आरपी२०४०सारख्या चिपमध्ये फर्मवेअर बाहेरच्या फ्लॅशमध्ये असतं आणि सुरक्षित बूटची सोय नसते. प्रोटोटाइपसाठी ती उत्तम आहे, पण जपायचं फर्मवेअर तिच्यात टाकू नये.

पातळी १ पुरेशी वाटत असेल तरी रॅममधली गुपितं वापरून झाली की लगेच शून्याने भरून टाका. आणि कुलूप लावण्याचं काम माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडू नका. प्रोग्रॅमिंगच्या स्क्रिप्टच्या शेवटी कुलूप लावायचं, मग चिप रीसेट करून डिबगरने वाचायचा प्रयत्न करायचा, आणि वाचता आलं तर तो नग नापास ठरवायचा. कुलूप लावायचं राहून गेलेली एक तुकडी पुरेशी असते, नक्कल करणाऱ्याला एकच उघडा नग लागतो.

ग्लिचविरुद्ध फर्मवेअरमध्येही थोडं करता येतं. महत्त्वाची तुलना दोनदा करा आणि मध्ये यादृच्छिक थोडा वेळ जाऊ द्या. खरं-खोटं यासाठी १ आणि ० न वापरता एकमेकांपासून बऱ्याच बिटांनी वेगळे असलेले दोन आकडे वापरा, म्हणजे एक बिट उलटल्याने निकाल उलटत नाही. ब्राउनआउट डिटेक्टर (व्होल्टेज घसरल्याचं ओळखणारी सोय) चालू ठेवा, आणि कंपायलरने ती दुहेरी तुलना फालतू समजून उडवलेली नाही ना, ते असेंब्ली उघडून स्वतः पाहा.

पातळी २चा एक खर्च आधीच लक्षात घ्या. बिघडून परत आलेला नग मग तुम्हालाही उघडता येत नाही. म्हणून दोषाची नोंद ठेवणारी एक छोटी जागा फर्मवेअरमध्ये असावी, आणि ती सही केलेल्या विनंतीलाच उत्तर देणारी असावी.

पायरी ४: प्रत्येक नगाची किल्ली वेगळी ठेवा

२००२ साली एमआयटीत शिकणाऱ्या अँड्र्यू हुआंग यांनी पहिल्या एक्सबॉक्सचा गुप्त बूट कोड मिळवला. चिप न फोडता, बोर्डावर दोन चिपांमधून धावणाऱ्या हायपरट्रान्सपोर्ट बसवर (डेटा वाहणाऱ्या रेषांवर) त्यांनी स्वतःचं सर्किट जोडलं, आणि त्या बसवरून उघडा जाणारा कोड व त्यातली डिक्रिप्शनची किल्ली वाचली. किल्ली किंवा उघडा कोड बोर्डाच्या ट्रेसवरून कधीही जाऊ नये, हा धडा तिथून घ्यावा.

एकच किल्ली सगळ्या नगांत ठेवणं ही त्याहून महाग पडणारी चूक. २०१६ साली संशोधकांनी फिलिप्स ह्यू दिव्यांच्या चिपच्या वीजवापरातले सूक्ष्म चढउतार मोजून फर्मवेअर अपडेटची किल्ली काढली. तीच किल्ली त्या प्रकारच्या सगळ्या दिव्यांत होती, त्यामुळे एका दिव्याने बाकीच्यांचं दार उघडून दिलं. साधनं काहीशे डॉलरची होती. त्याआधी २००८मध्ये गाड्यांच्या आणि गॅरेजच्या रिमोटमधल्या कीलॉक पद्धतीची उत्पादक-किल्लीसुद्धा वीजवापर मोजूनच मिळवली गेली.

मग काय करायचं? फर्मवेअरवर डिजिटल सही करा. सहीची खाजगी किल्ली कोणत्याही यंत्रात नसते, यंत्रात फक्त सार्वजनिक किल्ली असते, त्यामुळे यंत्र फोडून सही करण्याची ताकद मिळत नाही. पण सही म्हणजे गोपनीयता नव्हे. ती फर्मवेअर बदलण्यापासून वाचवते, वाचण्यापासून नाही. वाचण्यापासून वाचवायला एन्क्रिप्शन वेगळं लागतं, आणि त्याची किल्ली नगानग वेगळी असावी. ती चिपच्या आत यादृच्छिक तयार झाली तर उत्तम. काही चिपमध्ये पफ नावाची सोय असते. सिलिकॉन घडताना प्रत्येक तुकड्यात जे बारीक फरक उरतात त्यांतूनच किल्ली दरवेळी नव्याने काढली जाते, वीज बंद असताना ती कुठेही साठवलेली नसते.

आणि अपडेटची फाइल! चिपला पातळी २चं कुलूप लावायचं आणि तेच फर्मवेअर उघड्या हेक्स फाइलमध्ये ग्राहकांना डाउनलोडला द्यायचं, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं आहे. अपडेट एन्क्रिप्ट करूनच बाहेर जाऊ द्या, आणि जुनी आवृत्ती परत चढवता येणार नाही अशी पुढेच जाणारी मोजणी बूटलोडरमध्ये ठेवा.

स्वतःचा गुप्त अल्गोरिदम मात्र रचू नका. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी सुरक्षा टिकली पाहिजे, हे केरकहॉफ्स यांनी १८८३ सालीच लिहून ठेवलं. मायफेअर क्लासिक या संपर्काशिवाय चालणाऱ्या कार्डातला क्रिप्टो-१ अल्गोरिदम गुप्त होता. संशोधकांनी चिप एकेक थर घासून, साध्या प्रकाशीय मायक्रोस्कोपखाली फोटो काढून त्यातली गेट ओळखली आणि डिसेंबर २००७मध्ये ते जाहीर केलं. ४८ बिटांची किल्ली असलेला तो अल्गोरिदम उघड्यावर आल्यावर फार काळ टिकला नाही.

पायरी ५: ओळख पटवणारी चिप, आणि ती नीट जोडणं

मायक्रोचिपची एटीईसीसी६०८, एनएक्सपीची एसई०५०, इन्फिनियनची ऑप्टिगा ट्रस्ट या प्रकारच्या छोट्या चिप किल्ली आत ठेवतात आणि बाहेर कधी देत नाहीत. मायक्रोकंट्रोलर एक यादृच्छिक आकडा पाठवतो, चिप आतल्या किल्लीने त्याचं उत्तर काढून देते, उत्तर बरोबर असेल तर पुढे जायचं. नक्कल करणाऱ्याला कोरी चिप बाजारात मिळते, तुमची किल्ली भरलेली मिळत नाही.

गफलत जोडणीत होते. फर्मवेअरमध्ये एकाच ठिकाणी बरोबर असेल तर चालू, नसेल तर बंद असं लिहिलं, तर ज्याच्या हाती फर्मवेअर लागलं तो ती एक सूचना बदलतो आणि तुमची चिप निरुपयोगी होते. म्हणून त्या चिपकडून यंत्राच्या कामाचं काहीतरी घ्या. कॅलिब्रेशनचा तक्ता एन्क्रिप्ट करून ठेवा आणि त्याची किल्ली चिपच्या उत्तरातून बनवा. मग तपासणी उडवून उपयोग नाही, तक्त्याशिवाय यंत्र चुकीचंच मोजेल. शिवाय आय-टू-सी बसवर (दोन चिपांना जोडणाऱ्या रेषांवर) उत्तर उघडं जाऊ नये म्हणून चिप आणि मायक्रोकंट्रोलर यांची जोडणीकिल्ली आधीच ठरवून ठेवण्याची सोय बहुतेक चिपमध्ये असते, ती वापरा.

तपासण्या दोन-तीन जागी पेरा, काही सुरू होतानाच्या, काही तासाभराने होणाऱ्या. चाचणीच्या टेबलावर नक्कल दहा मिनिटं चालली की नक्कल करणारा समाधानी होतो, तासाभराने होणारी तपासणी त्याच्या लक्षातही येत नाही.

नकली नग सापडला तर फर्मवेअरने काय करावं? थांबावं, किंवा मर्यादित काम करावं. ग्राहकाचं सामान बिघडवू नये. ऑक्टोबर २०१४मध्ये यूएसबी चिप बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने नकली यूएसबी चिपचा उत्पादन-क्रमांक शून्य करून त्या निकामी केल्या. आपल्या उपकरणात नकली चिप आहे हे ज्यांना माहीतही नव्हतं अशा लोकांची उपकरणं बंद पडली, मोठा संताप झाला आणि तो ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून काढावा लागला. रुग्णाशी, वाहनाशी किंवा आगीशी संबंध असलेल्या यंत्रात तर असा विचारही मनात आणू नये.

पायरी ६: बोर्डावर करण्यासारखं थोडंसं

सिल्कस्क्रीनवरून (बोर्डावर छापलेल्या अक्षरांतून) नेटची (जोडण्यांची) नावं आणि पोर्टांची नावं काढा. भागांचे क्रमांक जुळणीसाठी लागतात, ते फक्त जुळणीच्या ड्रॉइंगमध्ये असू द्या. डिबगचे पॅड विक्रीच्या आवृत्तीतून काढून टाका किंवा पॅनेलच्या कापून जाणाऱ्या कडेवर घ्या, चाचणी झाली की कडेबरोबर तेही जातात. बीजीए पॅकेजचे बॉल (पायांऐवजी असलेले सोल्डरचे गोळे) खाली झाकलेले राहतात, महत्त्वाचे ट्रेस आतल्या लेअरमधून आणि बरीड व्हायांतून (आतच संपणाऱ्या भोकांतून) नेले तर क्लिप लावून ऐकणं अवघड होतं. त्याने बोर्डाचा खर्च चढतो, म्हणून आधीच बीजीए वापरत असाल तरच हे करा.

चिपवरचे नंबर लेझरने पुसण्याबद्दल सारखं विचारलं जातं. माझं मत असं की सामान्य चिपवर ते करू नये. पॅकेजचा आकार, पुरवठ्याचे पाय, क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी आणि शेजारचे भाग पाहून जाणकार माणूस पुष्कळ अंदाज बांधतो. तरी नाही जमलं तर आम्लाने वरचं प्लास्टिक विरघळवून आतल्या डायवरचा (सिलिकॉनच्या तुकड्यावरचा) छाप वाचतो. तुमच्या दुरुस्ती विभागाला मात्र रोज त्रास होतो. एखादाच अपरिचित भाग हे तुमचं खरं गुपित असेल तर तेवढाच पुसा.

इपॉक्सीत बोर्ड बुडवणं म्हणजे पॉटिंग. ओलावा आणि कंपनापासून वाचवायला ते चांगलं आहे, नकलेविरुद्ध ते काही तासांचा उशीर देतं, कारण उष्णता, द्रावक आणि कोरणी यांनी ते निघतं आणि एक्स-रेला ते अडवत नाही. घट्ट होताना इपॉक्सी तापतं, आणि तांबं, सिरॅमिक नि इपॉक्सी वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावत असल्याने सिरॅमिक कपॅसिटरला तडे जाऊ शकतात. पॉटिंग करणारच असाल तर तापमानाच्या चक्रांची चाचणी केल्याशिवाय उत्पादनात घेऊ नका.

पैसे देवाणघेवाणीच्या यंत्रांत आवरणाभोवती बारीक तारांची जाळी असते. ती तुटली की छोट्या बॅटरीवर जिवंत ठेवलेल्या मेमरीतली किल्ली पुसली जाते. बऱ्याच मायक्रोकंट्रोलरमध्ये अशा छेडछाडीच्या पिना आणि पुसले जाणारे बॅकअप रजिस्टर तयारच असतात, त्यामुळे झाकणाखाली एक स्विच लावणं स्वस्त पडतं. पण बॅटरी संपली तर खऱ्या ग्राहकाचं यंत्रही मरतं, तो हिशेब आधी करा.

एफपीजीए (आतलं सर्किट आपण ठरवू शकतो अशी चिप) असेल तर बिटस्ट्रीम (तिच्यात भरायची डिझाइनची फाइल) एन्क्रिप्ट कराच, नाहीतर बाहेरच्या फ्लॅशमधून तुमचं डिझाइन सरळ कॉपी होतं. फक्त मालिका पाहून घ्या. झायलिंक्सच्या ७ मालिकेत २०२० साली स्टारब्लीड नावाची त्रुटी उघड झाली. एफपीजीएलाच स्वतःचा बिटस्ट्रीम उलगडून द्यायला लावता येत होतं, आणि ती उणीव सिलिकॉनमध्येच असल्याने अपडेटने जात नाही.

पायरी ७: फाइली आणि कारखाना

इतकं सगळं करून शेवटी संपूर्ण डिझाइन ईमेलने पाठवून दिलं जातं. मायक्रोस्कोपच्या गोष्टी ऐकायला रंजक असतात, प्रत्यक्षात गळती बहुधा इथून होते.

उत्पादकाला जे काम करायचं आहे तेवढ्यापुरतंच द्या. बोर्ड छापणाऱ्याला गर्बर (थरांची चित्रं) आणि ड्रिल (भोकांच्या जागा) फाइल पुरतात. ओडीबी प्लस प्लस या फाइलप्रकारात नेटची नावं आणि भागांची माहितीही जाते, गर्बर एक्स२मध्येही अशी माहिती गुंफता येते. एक्सपोर्ट करताना ती बंद करा किंवा नेटची नावं बदलून निव्वळ क्रमांक द्या. विद्युत चाचणीसाठी नेटलिस्ट द्यावी लागते, ती क्रमांकांची असली तरी चाचणी तितकीच नीट होते. भागांच्या यादीत महत्त्वाच्या चिपला तुमचा अंतर्गत क्रमांक द्या आणि ती चिप तुम्हीच मोजून पुरवा. मूळ स्कीमॅटिक बाहेर जायचं कारणच नाही.

छापणं एकाकडे, जुळणी दुसऱ्याकडे आणि प्रोग्रॅमिंग आपल्याकडे अशी विभागणी जमत असेल तर करा. नग कमी असतील तर प्रोग्रॅमिंग आपल्याच टेबलावर, यापेक्षा स्वस्त आणि पक्का उपाय मला माहीत नाही. फर्मवेअरविना बोर्ड म्हणजे तांबं आणि प्लास्टिक.

नग जास्त असतील तर प्रोग्रॅमिंग कारखान्यात द्यावं लागतं. तेव्हा फर्मवेअर एन्क्रिप्ट केलेलं पाठवा आणि ते चिपच्या आतच उलगडेल अशी सोय वापरा. एसटीएम३२ बनवणाऱ्या एसटी कंपनीच्या काही चिपमध्ये ही सोय आहे. सोबत एक स्मार्टकार्ड मिळतं, ते ठरावीक संख्येइतक्याच चिपना परवानगी देतं आणि मोजणी संपली की थांबतं. ज्या चिपला अशी सोय नाही तिथे तोच हिशेब ओळख चिपने जमवा. उत्पादकाकडून किंवा वितरकाकडून तुमच्या किल्लीने भरलेल्या नेमक्या हजार चिप घ्या, आणि कारखान्याला तेवढ्याच द्या.

हिशेब जुळवायची पद्धत आधी ठरवा. हजार चिप गेल्या, नऊशे ऐंशी चांगले बोर्ड आले, तर उरलेल्या वीस चिप खराब बोर्डांवर बसलेल्या असायला हव्यात. ते वीस खराब बोर्ड परत मागवा. भंगार म्हणून तिथेच फेकले गेलेले बोर्ड दुरुस्त होऊन विकले जाऊ शकतात. यंत्राचा अनुक्रमांक आणि चिपचा स्वतःचा क्रमांक जोडीने नोंदवून ठेवा, दुरुस्तीला आलेला नग आपला की उपरा ते एका मिनिटात कळतं.

पायरी ८: खुणा पेरून ठेवा

नक्कल झालीच तर ती आपलीच नक्कल आहे हे सिद्ध करता आलं पाहिजे. १९८२ साली फ्रँकलिन कंपनीने अॅपल दोनला मिळताजुळता कॉम्प्युटर काढला. त्याच्या कोडमध्ये अॅपलच्या एका प्रोग्रॅमरचं नाव आणि अॅपलसॉफ्ट हा शब्द तसेच राहिलेले सापडले. १९८३मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने रॉममधल्या कोडलाही कॉपीराइट लागू आहे असं ठरवलं. डीईसी या कॉम्प्युटर कंपनीच्या इंजिनीअरांनी तर सीव्हॅक्स चिपच्या डायवर चोरी करणाऱ्यासाठी रशियन लिपीत एक ओळ कोरली होती, कारण सोव्हिएत प्रयोगशाळांत त्यांच्या चिप उघडल्या जातात हे ते धरून चालले होते.

तुम्हीही करा. कशालाही न जोडलेला एखादा शून्य ओहमचा रेझिस्टर, आतल्या लेअरमध्ये तांब्याचा विचित्र आकाराचा तुकडा, फर्मवेअरमध्ये कधीही न वाचला जाणारा आकड्यांचा तक्ता. दोन उत्पादक असतील तर दोघांना पाठवलेल्या फाइलींत ती खूण वेगवेगळी ठेवा, म्हणजे फाइल कोणाकडून गेली तेही कळेल. हमीखाली दुरुस्तीला आलेला एक नग उघडल्यावर मला बोर्डाचा हिरवा रंग किंचित वेगळा वाटला होता. आमचा निरुपयोगी रेझिस्टर त्याच जागी, त्याच तिरक्या कोनात बसवलेला होता. त्या क्षणी खूप राग आला, पण पुढच्या बोलण्यात त्या एका रेझिस्टरने वादच संपवला. अशा खुणांची यादी तारखेसकट सीलबंद जपून ठेवा, कारण खूण आधीपासून होती हेही सिद्ध करावं लागतं.

पायरी ९: कायद्याची बाजू वेळेत

यात वेळ महत्त्वाचा. पेटंटचा अर्ज उत्पादन जाहीर करण्याआधी गेला पाहिजे, बऱ्याच देशांत जाहीर झालेली कल्पना नवी धरली जात नाही. ट्रिप्स या आंतरराष्ट्रीय करारानुसार पेटंट अर्जापासून किमान २० वर्षं चालतं, बदल्यात कल्पना सगळ्या जगाला उघड करावी लागते. म्हणून यंत्र फोडून सहज दिसणाऱ्या युक्तीचं पेटंट घ्या, न दिसणारी गुपित ठेवा. चिपच्या आतल्या मांडणीला त्याच करारात किमान १० वर्षांचं वेगळं संरक्षण आहे, पण ते एकात्मिक चिपला आहे, पीसीबीला नाही. फर्मवेअरचा कोड आणि आराखड्यांची चित्रं कॉपीराइटमध्ये येतात, सर्किटचं काम येत नाही.

व्यापारी गुपिताबद्दल एक गैरसमज पुसायला हवा. युरोपीय संघाच्या २०१६च्या निर्देशानुसार आणि त्याच वर्षीच्या अमेरिकी कायद्यानुसार, रीतसर विकत घेतलेली वस्तू उलगडून पाहणं हे तेवढ्यावरून चोरी ठरत नाही. करारात वेगळी अट घातलेली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून कारखान्याशी केलेल्या करारात रिव्हर्स इंजिनीअरिंगची मनाई, जादा नगांची मनाई, खराब बोर्ड परत करण्याची अट आणि तपासणीला येण्याचा हक्क हे चारही मुद्दे लिहून घ्या. आणि नोंदणीसाठी सोर्स कोड जमा करताना गुपिताचा भाग झाकता येतो का ते विचारा. निन्टेन्डोच्या १०एनईएस या कुलूप-चिपचा कोड टेंगेन या गेम बनवणाऱ्या कंपनीने १९८८ साली अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातूनच मिळवला, खटल्यासाठी हवा असं खोटं कारण सांगून. न्यायालयात ते अंगलट आलं, पण कोड तोवर बाहेर पडलेला होता.

उत्पादन आधीच बाजारात असेल तर

विकले गेलेले नग परत आणता येत नाहीत, त्यांतलं फर्मवेअर उघडं झालं असं धरूनच चला. पुढच्या तुकडीपासून पहिल्यांदा कुलूप आणि त्याची आपोआप तपासणी घाला, त्याला बोर्ड बदलावं लागत नाही. अपडेटच्या उघड्या फाइली डाउनलोडमधून काढा आणि त्यांच्या जागी एन्क्रिप्ट केलेल्या ठेवा. जुन्या यंत्रांना त्या समजाव्यात म्हणून आधी नवा बूटलोडर देणारं एक मधलं अपडेट लागेल, आणि त्यातल्या किल्लीला गळून गेलेलीच समजा, नव्या हार्डवेअरमध्ये ती वापरू नका. ओळख चिपसाठी आय-टू-सीच्या दोन रेषा आणि आठ पायांची जागा पुढच्या लेआउटमध्ये आजच राखून ठेवा, चिप नंतर बसवली तरी चालेल. मग तो नवा नग पुन्हा त्याच सहकाऱ्याच्या हाती द्या, पुन्हा दोन दिवस, आणि त्याच्या कागदावरच्या वेळा मागच्या वेळांशेजारी लिहा.